एकच प्रत

१

कपाट उघडलं तेव्हा घरातली सगळी माणसं त्या खोलीत हजर होती, म्हणून पुढं कोणाला खोटं बोलायची सोय उरली नाही. सुधाकरराव निखाडे गुरुजींना माती देऊन दोनच दिवस झाले होते. ओसरीत पाहुणे खाली माना घालून बसलेले, मधल्या खोलीत भाव वाढायची वाट बघत आढ्यापर्यंत भरलेला कापूस, आणि त्या कोंदट वासात थोरल्या राजकुमारनं गुरुजींच्या लोखंडी कपाटाला किल्ली लावली. धाकटी सून चंदा त्याच्या मागं दोन्ही हात पुढं करून उभी होती, तीर्थ घ्यायला उभं राहावं तशी.

वरच्या खणात गुरुजींचे इस्त्रीचे सदरे होते. मधल्या खणात औषधं. खालच्या खणात जमिनीचे आणि शाळेचे कागद, पिशव्यांत बांधून, जागच्या जागी. कोपऱ्यात मात्र नुसता एक पांढरा हातरुमाल होता. त्या रुमालात गुंडाळून ठेवलेली काळी हार्ड डिस्क नव्हती.

चंदानं खण चाचपला, सदरे काढून झटकले, पिशव्या खाली ओतल्या. मग ती राजकुमारकडं वळली.

“भाऊजी, किल्ली तुमच्यापाशी होती,” ती म्हणाली. “माह्या पोरीच्या बापाचा आवाज कुठं नेला तुमी?”

आता ती डिस्क म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. गुरुजींनी रिटायर झाल्यावर आयुष्यभराचे कागद, फोटो, दाखले सगळं स्कॅन करून तिच्यात भरलं होतं. पण त्याचं चंदाला काय? तिच्यासाठी त्या डिस्कमध्ये पंकज होता. पंकज, गुरुजींचा धाकटा, चंदाचा नवरा. हैदराबादेत नोकरीला होता, आणि महामारीच्या दुसऱ्या लाटेत तिथल्याच एका दवाखान्यात गेला. अंत्यसंस्कार तिकडंच उरकले. सावरगावला घरी आली ती एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात त्याचं घड्याळ आणि मोबाइल. त्या मोबाइलमधले त्याचे निरोप, हसणं, व्हिडिओ, सगळं गुरुजींनी डिस्कमध्ये घेतलं होतं. पंकज गेला तेव्हा त्याची पोर चिमी रांगत होती. तिनं बाप ओळखला तो आजोबांच्या कॉम्प्युटरमधून, दर रविवारी एक निरोप ऐकून.

राजकुमारनं किल्ली खाटेवर फेकली आणि आपण चोर नाही एवढंच बोलला. चंदानं पदर खोचला. तेरवीपर्यंत डिस्क जागेवर आली नाही तर ठाण्यात जाऊन थोरल्या दिराचं नाव लिहून देईन, असं तिनं पाहुण्यांच्या देखत सांगितलं. सासू जयवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं दोघांपैकी कोणालाच गप्प बस म्हटलं नाही.

२

चंदानं फोन केला तो आदिलाबादला, प्रीती दुर्गेला.

प्रीती तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिचे वडील वामनराव गुरुजींबरोबर मराठी शाळेत शिकवायचे, आणि ती स्वतः गुरुजींच्या हाताखाली बाराखडी गिरवलेली. बाई एकटी राहणारी, कमी बोलणारी, थोडी कडू. पण हरवलेलं पुस्तक शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत पोरं चांगली पुस्तकं भलत्याच कपाटात दडवतात, दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून. ती प्रीती तासाभरात काढायची. वस्तू हरवत नाही, ती कोणाच्या तरी डोक्यानं ठेवलेली असते आणि आपण आपल्या डोक्यानं शोधत बसतो, असं तिचं म्हणणं.

इचोड्यापर्यंत बसनं आणि तिथून ऑटोनं जाताना बाहेर धुकं होतं. ट्रकांचे दिवे भरदिवसा पिवळे दिसत होते. प्रीतीच्या मनात मात्र दिवाळीनंतरची ती बैठक फिरत होती, कारण या प्रकरणात तिचं स्वतःचंही बोट अडकलेलं होतं.

गुरुजींचं हृदय तेव्हाच थकलं होतं. आपल्या माघारी ही सगळी चीजवस्त नीट लावलेली असावी म्हणून त्यांना एक सॉफ्टवेअर निवडायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी प्रीतीला बोलावलं. घरची सगळी माणसं गोल करून बसली, आणि ज्याचं त्याचं मत वेगळं. नागपूरला दिलेली मुलगी मयूरी म्हणाली, इंटरनेटवर ठेवणारं घ्या, घर जळालं तरी कागद जळणार नाहीत. राजकुमार आदिलाबादच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, त्याला कुलूपबंद हवं होतं. सगळं एका तिजोरीत गिळून घेणारं, पासवर्डाशिवाय न उघडणारं. चंदाला फक्त मोबाइलवर उघडलं म्हणजे झालं. गुरुजी सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि शेवटी म्हणाले, मी मरतो ते मरतो, पण माझ्यामागं ते सॉफ्टवेअर बी मेलं तर? तिजोरी बनवणारी कंपनी बुडाली तर आतलं कोण काढून देणार?

प्रीतीला तो प्रश्न फार आवडला. तिनं तिसरंच सुचवलं, साधं. फायली आपल्या जागी, आपल्या फोल्डरात राहतात, सॉफ्टवेअर फक्त त्यांची नावं आणि जागा लक्षात ठेवतं. सॉफ्टवेअर गेलं तरी फायली राहतात. आधी सगळं एका डिस्कमध्ये गोळा करायचं, तेच-ते दोनदा आलेलं काढून टाकायचं, आणि मग दुसरी प्रत बनवायची. हे साधं सॉफ्टवेअर आवाजाच्या फायली शोधून देतं का, ते बघायला तिनं पंकजच्या फोल्डरातली एक फाइल आपल्या लॅपटॉपवर घेऊन पाहिली. फाइल सापडली, काम झालं. तिनं ती उघडून ऐकली नाही. दुसऱ्याच्या घरातला आवाज ऐकायचा तिचा स्वभाव नव्हता.

जयवंताबाई त्या दिवशी नवऱ्याशेजारी पितळेचा पानडबा घेऊन अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

“ह्या डबीत पंकज पुरा हाय का? का कुठं काही राह्यला?”

प्रीती चकित झाली होती. इतकं शिकलेल्या लोकांना जे सुचलं नाही ते या बाईनं विचारलं, असं तिला वाटलं. जयवंताबाई मग उठली, आपल्या पेटीतून पंकजचा मोबाइल घेऊन आली आणि त्यातलं उरलंसुरलं सगळं डिस्कमध्ये घ्यायला लावलं. नंतर तो मोबाइल पुसून कोरा करायला लावला. चिमी त्याच्याशी खेळते, म्हणाली. चंदाचा आणि गुरुजींचा, दोन्ही जुने मोबाइल आधीच बिघडून गेले होते. म्हणजे जगात पंकजच्या आवाजाची प्रत एकच, त्या काळ्या डबीत.

दुसऱ्या प्रतीसाठी घेतलेली नवी डिस्क प्रीतीच्या टेबलाच्या खणात तशीच, पाकीट न फोडलेली. पुढच्या रविवारी नेऊ म्हणता म्हणता गुरुजी गेले. आता कपाळ बडवून काय उपयोग?

३

मयूरीला बोलतं करायला वेळ लागला नाही. ती रडवेली बसलीच होती. वडील गेले त्या सकाळी ती त्यांच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेली राजकुमारच्या बायकोनं पाहिली होती, आणि आता ती गोष्ट घरभर झाली होती. मयूरीनं लपवलं नाही. बाबांना बरं नव्हतं, म्हणून त्यांच्याच परवानगीनं डिस्क लावून तिनं सगळं इंटरनेटवर चढवायचा प्रयत्न केला होता. पण सावरगावातलं नेटवर्क ते, पहिल्या फोल्डरातच अडकून बसलं. एकही फाइल चढली नाही. तिनं डिस्क परत रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली बाबांच्या करदोट्याला बांधून दिली. त्यानंतर घटकाभरात त्यांनी मान टाकली.

“मले पाह्यजे असती तर मागून नेली असती, ताई,” मयूरी म्हणाली. “बाबा मले नाई म्हनले नसते.”

राजकुमार कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. तीन दिवसांची दाढी आणि डोळे सुजलेले. प्रेताला आंघोळ घालताना करदोटा त्यानंच तोडला, म्हणजे किल्ली त्याच्या हातात आली हे खरं. पण ती त्यानं तिथल्या तिथं आईच्या हातात दिली आणि तिसऱ्या दिवशी कपाट उघडताना तिच्याकडूनच घेतली. मधल्या वेळात आई किल्ली पदराला बांधून माणसांत बसलेली. तिला कॉम्प्युटर चालू कसा करतात ते माहीत नाही, तिच्यावर कोण संशय घेणार?

प्रीतीनं त्याला सरळच विचारलं की पंकजच्या वाट्याची जमीन चंदाच्या नावावर चढू नये म्हणून तर तू डिस्क दाबली नाहीस? राजकुमार चिडला नाही. चिडण्याइतकाही जीव त्याच्यात राहिला नव्हता. त्यानं खालच्या खणाकडं बोट दाखवलं. जमिनीचे मूळ कागद तिथंच पडले होते, पिशव्यांत. आणि ते गेले असते तरी तहसीलमध्ये अर्ज केला की नक्कल मिळते. डिस्क चोरून जमीन कोणाची होत नाही, हे त्याच्यासारख्या कारकुनाला सांगायला नको होतं.

प्रीतीनं पिशव्या पाहिल्या. तो बोलत होता ते खरं होतं. ज्याला कागद हवे असते त्यानं कागद नेले असते.

मग तिनं तो हातरुमाल मागून घेतला. कोपऱ्याला कोपरा लावून चौघडी केलेला, वरून हात फिरवून सपाट केलेला. घाईत असलेला चोर डिस्क रुमालासकट खिशात घालतो. इथं कोणीतरी डिस्क काढून रुमालाची घडी घातली होती. त्या माणसाला घाई नव्हती, भीती नव्हती, आणि घरातली वस्तू इकडंतिकडं टाकायची सवय नव्हती.

“राजकुमार, त्या डिस्कमधली कोणती गोष्ट दुसरीकडं कुठंच मिळत नाही?” तिनं विचारलं.

त्यानं विचार केला. दाखल्यांची नक्कल शाळेत होती, कागदांची तहसीलमध्ये, फोटो भिंतींवर आणि अल्बममध्ये.

“पंकज,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बदलला. “मंग तर त्याच्यासाठी जीव टाकनारं मानूस या घरात एकच हाय. चंदा. तिनंच ठेवली असंन आन् माह्यावर आळ घेऊन राह्यली असंन.”

४

चंदाला हे विचारायचं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं, पण प्रीतीनं विचारलं. चंदा अंगणात चिमीचे केस विंचरत होती. तिचा हात थांबला. ती ओरडेल असं प्रीतीला वाटलं होतं. तिनं फक्त चिमीला आत पिटाळलं आणि फणी मांडीवर ठेवली.

परवा रविवार होता, ती सांगत होती. पोरीनं आजोबांची खुर्ची ओढली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि बाबा लाव म्हणाली. कोणी लावला नाही तेव्हा तिनं जेवण सोडलं. मी डिस्क ठेवली असती तर पोरीला असं उपाशी ठेवलं असतं का? चंदाचं बरोबर होतं.

मग चंदा आपणहून बोलत गेली. ते दिवस आठवले की तिचा स्वर अजून कोरडा पडायचा. पंकज गेल्याचा फोन आला तेव्हा ती स्वतः तापानं फणफणलेली, तान्ह्या पोरीसकट मागच्या खोलीत वेगळी ठेवलेली. जयवंताबाई मात्र इचोड्याच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. हैदराबादेकडून येणारी प्रत्येक पांढरी गाडी आपल्याच पोराची, असं धरून. कोणी समजावलं तरी हलेना. शेवटी ती पिशवी आली. जयवंताबाईनं ती पोटाशी धरून घरी आणली आणि पेटीत ठेवली. ती रडली नाही. पंकजच्या फोटोला हारही घालू दिला नाही तिनं. माती झाल्याबिगर हार कसा घालू, म्हणायची. निखाड्यांच्या घरात जाळत नाहीत, आपल्याच शेतात माती देतात, आणि घरचा प्रत्येक माणूस आपल्या हातानं एक मूठ टाकतो. पंकजला ती कोणाचीच मिळाली नव्हती.

प्रीतीनं ओसरीच्या भिंतीकडं पाहिलं. गुरुजींच्या फोटोला झेंडूचा हार होता. शेजारी पंकजचा फोटो. त्यालाही होता, तसाच, त्याच दिवशीचा सुकलेला.

“हा हार कोणी घातला?” तिनं विचारलं.

“आत्याबाईनंच,” स्वयंपाकघरातल्या सासूकडं मान करत चंदा म्हणाली. “मामाजीले माती देऊन आलो ना, त्या दिवशी. मी म्हटलं, आता काऊन? तर बोलल्याच नाई.”

प्रीतीला उत्तर दिसायला लागलं होतं आणि ते खोटं निघावं असं वाटत होतं.

५

स्वयंपाकघरात जयवंताबाईनं तिला चहा दिला. वर सुपारी पुढं केली. सुपारी पितळेच्या एवढ्याशा वाटीत होती. तशाच दुसऱ्या वाटीत चुना, तिसरीत काथ, आणि ज्या खणांच्या ताटलीत त्या वाट्या बसायच्या तिच्यात आता मोहरी आणि जिरं ठेवलेलं. अडकित्ता चुलीजवळ खिळ्याला टांगलेला. हे सगळं प्रीतीनं दिवाळीनंतर पाहिलं होतं, पण तेव्हा ते एका डब्यात होतं.

डबा कुठं आहे, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. मयूरी पोळ्या लाटत होती, तिनंच सांगितलं. तो बाबांसोबत दिला. या भागात रीतच आहे. माणसाला ज्याची आवड त्याच्यासोबत द्यायचं, कोणाला काठी, कोणाला चष्मा, कोणाला तंबाखूची पिशवी. बाबांना पानाची आवड, म्हणून पानडबा आईनं स्वतः खड्ड्यात उतरून बाबांच्या उजव्या हाताशी ठेवला. अख्ख्या सावरगावानं पाहिलं.

प्रीतीनं चहाचा पेला खाली ठेवला. तिच्या वडिलांना जाऊन फार वर्षं झाली नव्हती. त्यांची पानाची आवड तिला आठवत होती. पान खाणाऱ्या माणसाला वाटेसाठी डबा द्यायचा तर तो भरून देतात. पानं, सुपारी, काथ, चुना. इथं सुपारी घरी, चुना घरी, वाट्या घरी, आतली ताटलीसुद्धा घरी. गुरुजींबरोबर नुसतं पितळेचं रिकामं भांडं गेलं. नवऱ्याला असा रिकामा डबा कोणती बायको देते?

कोणतीच देत नाही. डबा रिकामा गेलाच नव्हता.

जयवंताबाई तिच्याकडं बघत होती. म्हातारीची नजर शांत होती, चोराची नव्हती.

“काकू,” प्रीती म्हणाली, “मला गुरुजींची माती दाखवता का?”

६

शेत गावाला लागूनच. धुकं उठलं होतं पण ऊन पडलं नव्हतं. वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाटीतून दोघी चालत होत्या, आणि काळ्या मातीचा उंचवटा बांधाजवळच्या पळसाखाली दिसत होता. मागून पावलं वाजली. चंदा येत होती. तिनं स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून सगळं ऐकलं होतं, आणि काहीतरी तिलाही कळलं असावं.

जयवंताबाई मातीजवळ खाली बसली. प्रीती उभीच राहिली. मग तिनं एकेक करून मांडलं, हळू आवाजात. कागदांना कोणी हात लावला नाही, म्हणजे कागद नको होते. रुमालाची घडी घातली, म्हणजे वस्तू नेणारं माणूस घर लावणारं होतं. किल्ली राजकुमारनं आंघोळीच्या वेळी आईच्या हातात दिली, आणि माती द्यायला निघेपर्यंत ती तिच्याच पदरात होती. पानडब्यातला सगळा ऐवज घरी राहिला आणि डबा गेला. त्या दिवशी घरी येताच पंकजच्या फोटोला हार चढला.

“आणि दिवाळीनंतर तुम्ही मला विचारलं होतं, पंकज यात पुरा आहे का. मला वाटलं, तुम्ही प्रतींबद्दल विचारताय. मोबाइल पुसायला लावलात तेव्हाही मला तसंच वाटलं.” प्रीती तिच्यासमोर खाली बसली. “घरात ज्यानं त्यानं पंकजला ठेवायची जागा सांगितली होती, काकू. मयूरीनं आभाळ सांगितलं, राजकुमारनं तिजोरी. तुमची जागा मी विचारलीच नाही.”

जयवंताबाईनं नाही म्हटलं नाही. तिनं मातीवरचं एक ढेकूळ उचलून चुरडलं.

“अर्धं मानूस मातीत नाई घालत, बाई,” ती म्हणाली. “म्हनून पुरा केला आधी. ह्यायले म्हटलं होतं मी, आपल्या जित्तेपनी देऊ त्याले माती. ह्यायनं आयकलं नाई. पोरगी आयकते म्हने. मंग म्हटलं, बापच घेऊन जाईन त्याले. थो एकटा गेल्ता ना. तिकडं कोनं त्याले हात बी लावला नसंन.”

चंदाला बांधाला टेकवलेलं फावडं दिसलं, माती देताना वापरलेलं, तिथंच राहिलेलं. तिनं ते उचललं. प्रीती पुढं झाली, पण जयवंताबाईनं हात आडवा केला.

“उकरू दे तिले. तिचा बी थो होता. मी नाई म्हनत नाई.”

आणि म्हातारी खरंच बाजूला सरकून बसली. चंदानं फावडं मारलं. भुसभुशीत माती सहज निघाली. दुसरं मारलं. ती एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होती, पोरीनं काय ऐकायचं, पोरीनं काय ऐकायचं. तिसऱ्यांदा तिनं फावडं उचललं आणि ते वरच राहिलं. मागच्या खोलीत तापानं पडलेली, दार बाहेरून लावलेलं, सासू रस्त्यावर उभी, आणि पंकज कुठंतरी अनोळखी माणसांच्या हातात, तो दिवस तिच्या डोळ्यांपुढं आला असावा. तिनंही मूठ टाकली नव्हती.

तिनं फावडं सोडलं. खाली बसली. आपणच उकरलेली माती तिनं दोन्ही हातांनी परत ढकलली, आणि मग एक मूठ भरून घेतली, कपाळाला लावली आणि उंचवट्यावर सोडली. पंकज गेल्यावर ती कधी मोकळेपणानं रडली नव्हती. ती आता रडली. जयवंताबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मग म्हातारीनं मान वर केली.

“तू शिकलेली हायेस,” ती प्रीतीला म्हणाली. “खरं सांग. पुरा गेला ना थो? कुठं काई राह्यलं तर नाई?”

त्याच क्षणी प्रीतीला लॅपटॉप आठवला. दिवाळीनंतर पडताळून पाहायला घेतलेली ती एक फाइल. तिनं ती कधी काढून टाकली नव्हती. आयुष्यभर कोणती वस्तू कुठं आहे हे लोकांना खरं सांगण्याची भाकरी खाल्लेली बाई ती. चंदा मांडीवरून तिच्याकडं बघत होती.

“पुरा गेला, काकू,” प्रीती म्हणाली.

७

घरी आल्यावर जयवंताबाईनंच राजकुमारला आणि मयूरीला जवळ बसवून सांगितलं. राजकुमार लहान पोरासारखा आईच्या खांद्यावर पडला. तेरवीला चंदानं पहिलं ताट त्याच्यापुढं ठेवलं. ठाण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. कॉम्प्युटर राजकुमार आदिलाबादला घेऊन गेला. सॉफ्टवेअर निवडायचा प्रश्नच राहिला नव्हता.

काही दिवसांनी प्रीतीनं चंदाला निरोप धाडला, चिमीला घेऊन कॉलेजात येऊन जा. दुपारची वेळ, वाचनालय रिकामं. प्रीतीनं दार लोटून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. शेतात आपण खोटं बोललो, हे तिनं आधी सांगितलं. चंदानं मान हलवली. तिला ते तेव्हाच प्रीतीच्या चेहऱ्यावर दिसलं होतं.

एकच फाइल आहे, प्रीती म्हणाली, आणि तिच्यात काय आहे ते मला माहीत नाही. ऐकायची हिंमत झाली नाही. तिनं खणातून ती नवी डिस्क काढली, पाकीट फोडलं, आणि फाइलची दुसरी प्रत तिच्यात उतरवून चंदाच्या हातात ठेवली. मग तिसरी चंदाच्या मोबाइलमध्ये. हे तिनं आधी करायला हवं होतं, आणि ही टोचणी तिला जन्मभर पुरणार होती.

चिमी टेबलाला नाक लावून उभी होती. चंदानं मोबाइलवर बोट ठेवलं. आधी नुसती खरखर आली, मागं कुठलंतरी यंत्र टिकटिकत असलेलं, दवाखान्यातलं. मग दमलेला, धाप लागलेला, तरी हसऱ्या सुरातला आवाज आला. बाबांना म्हणून धाडलेला तो निरोप होता. पाच-सहा वाक्यांचा. चंदानं टेबलाची कड घट्ट धरली.

निरोप संपला. चिमीचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. तिनं आईचा पदर ओढला.

“आई, आपन हे घरी जाऊन आजीले आयकवायचं?”

चंदानं तिच्या केसांवरून हात फिरवला. प्रीतीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. चिमीनं वाट पाहिली, आणि मग आपल्या बोटानंच निरोप पुन्हा लावला.

“बाबा, मी पंकज. बरा हाय मी, काळजी करू नका. चंदाचा ताप उतरला का? चिमीले पप्पी द्या माही. आन् आई झोपली का? झोपली असंन तर उठवू नका तिले. सकाळी बोलतो मी.”